सनईसाठी मोकळी जागा

मष्णूने सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरून पुन्हा एकदा फुंकून पाहिलं. उजव्या कोपऱ्यातून सगळा दम बाहेर सांडला. सनईतून नुसती हवा गेली. उपरण्याने त्याने हनुवटीवरची लाळ पुसली.

काही दिवसांपूर्वी बोरगावहून लग्न वाजवून मोटरसायकलवरून येताना गार वारं झोंबलं, आणि सकाळी उठला तो अर्धं तोंड लुळं घेऊनच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, पण कधी ते सांगता येत नाही. कार्यक्रमापर्यंत येईल, असं मष्णूने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. आज कार्यक्रम होता.

"अजून येळ हाय, सांगा त्यांस्नी," त्याची बायको जयाबाई म्हणाली. बाहेर रंगमंचावर दोघा परदेशी पाहुण्यांचं वाजवणं सुरू झालं होतं, म्हणून ती अगदी हळू बोलत होती. "आजारी माणसाला कोण काय म्हणत न्हाय."

"आज न्हाय म्हटलं की संपलं गं. उद्यापास्नं मी कोण?" त्याचे शब्द धड निघत नव्हते.

ऋतिका आत आली तसं मष्णूने उपरणं तोंडावर ओढलं. ती कॉलेजात शिकवायची, आणि पाहुण्यांचं बोलणं त्याला समजावून सांगायचं काम तिच्याकडे होतं. "अण्णा, चला. ते दोघं थांबले की तुम्ही सुरू करायचं. मनाला येईल ते वाजवा, असं मार्गो म्हणते. आणि तोंडावरचं उपरणं काढा की."

"दाढ दुखतीया," मष्णू म्हणाला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

मार्गो मेलबर्नची. गेल्या वर्षी खानापूरजवळच्या एका जत्रेत तिने त्याची सनई ऐकली, दुपारभर देवळाच्या पायरीवर बसून. मग घरी जाऊन तिने एक रचना केली आणि तिच्या मधोमध जागा मोकळी सोडली. ती जागा फक्त मष्णूची. दुसरा कोणी सनईवाला तिथे बसवायचा नाही, असं तिने कळवलं होतं.

सभागृह भरलेलं होतं. मष्णू रंगमंचावर जाऊन मांडी घालून बसला, उपरणं खांद्यावर घेतलं आणि उजवा गाल अंधाराकडे केला. मार्गो माणसाच्या उंचीच्या व्हायोलिनवर इतक्या हळू गज ओढत होती, की सुराच्या आधी लाकूड कण्हल्यासारखं ऐकू येई. तिचा जोडीदार झांजेच्या कडेवरून गज फिरवत होता. ना ठेका, ना चाल, तरी ऐकताना अंगावर काटा येत होता. मष्णूला त्यांचा हेवा वाटला. मग दोघं थांबली.

त्याने फुंकलं. हवा गेली.

पुन्हा फुंकलं, पोटातून. पुन्हा हवाच. सभागृहात कोणी खोकलंही नाही. पहिल्या रांगेतल्या एका माणसाने डोळे मिटून मान हलवली. मार्गोने मष्णूकडे पाहिलं, हसली, आणि आपल्या वाद्याच्या पोटावर तळहात घासू लागली. अगदी तसाच आवाज आला, माळावरून वारा सुटल्यासारखा. जोडीदारानेही शेजारच्या नगाऱ्याच्या कातड्यावर बोटं ओढायला सुरुवात केली.

यांना हे वाजवणंच वाटतंय, हे मष्णूच्या ध्यानात आलं.

नुसतं फुंकत राहिलं असतं तरी चाललं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, सनईवाल्याने काय नवीन केलं म्हणून. कुणाला काही कळलं नसतं. तो तसाच थोडा वेळ फुंकत राहिला. त्याचा उजवा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी वाहत होतं.

मग त्याने सनई खाली घेतली आणि मार्गोकडे बघून मान हलवली.

"ह्ये न्हवं," तो म्हणाला. "सूर लागंना झालाय. तोंडावरनं वारं गेलंया माझ्या."

मार्गोला शब्द कळले नाहीत. पण तिचा हात थांबला. जोडीदाराचाही थांबला. सभागृह वाट बघत होतं.

मष्णूने पुन्हा पत्ती तोंडात घेतली आणि जीव खाऊन फुंकलं. गाल पिशवीसारखा फुगला, कोपरा उघडा पडला, दम सगळा गळून गेला. आपलं आपण तोंड दाबावं, तर दोन्ही हात भोकांवर. पुन्हा. पुन्हा. खाली लोक कुजबुजू लागले. कोणीतरी उठलं, खुर्ची वाजली.

जयाबाई पडद्यामागून बाहेर आली. उभ्या जन्मात तिने चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावला नव्हता. डोक्यावर पदर ओढून, लोकांकडे पाठ करून ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि दोन बोटांनी त्याच्या ओठाचा उजवा कोपरा पत्तीवर घट्ट दाबून धरला.

त्याने फुंकलं.

सूर आला. बारीक, फाटका, पण सूर. तिची बोटं जरा सैल झाली की सूर हले, घट्ट झाली की सावरे. मार्गोने गज मांडीवर ठेवला. मष्णू वर चढायला गेला तसा सूर चिरला आणि तुटला. त्याने दम घेतला. त्याच्या हनुवटीवरून लाळ तिच्या मनगटावर ओघळली, बांगड्यांत गेली. तिने हात काढला नाही.

"वाजवा तुमी," ती म्हणाली. "मी धरलंया."