आठवण करू नये

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची आठवण मेसेजने केली, तर मुलं कॉलेजात टिकतात का, हे मी वर्षभर तपासत होते. निम्म्यांना मेसेज गेले. उरलेल्यांची यादी कॉलेजच्या ऑफिसात देताना तिच्यावर मी लाल पेनने लिहिलं होतं, ‘यांना आठवण करू नये.’ निकाल आला आणि माझं डोकंच फिरलं. मेसेज न मिळालेल्यांपैकीही कुणीच कॉलेज सोडलं नव्हतं. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. तडक ऑफिस गाठलं. “काका, ती यादी कुणाला दाखवलीत?” “कुणालाच नाही, ताई,” क्लार्ककाका नजर चुकवत म्हणाले. “मग यांना आठवण कुणी केली?” “कुणीच नाही. तुम्हीच नको म्हणालात ना!” त्यांनी खणातून यादी काढली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती. “मी फक्त एकेकाला बोलावलं, समोर बसवलं आणि अर्ज भरून घेतला. तसं करू नये, असं तुम्ही कुठं लिहिलंय?”