रागवायचं कुणावर?

"खिडकी हिच्या आजोबांनी उघडी ठेवली होती," सून डॉक्टरीणबाईंना म्हणाली. नातीला तापात आकडी आली, तेव्हापासून सून माझ्याशी बोलत नव्हती. तापाचं औषध तिनेच उशिरा दिलं, असं माझ्याही मनात होतंच.

नात आता दवाखान्यातल्या खाटेवर शांत झोपली होती.

"वाऱ्याने काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतूंशी लढताना शरीरात दाह होतो. त्यानेच ताप चढतो आणि काही लहान मुलांचा मेंदूही चेतवला जातो. औषध वेळेवर दिलं असतं, तरी आकडी टळलीच असती असं नाही."

"म्हणजे तिचं शरीर तिला वाचवतच होतं?" मी गोंधळून विचारलं.

"हो."

"मग आम्ही रागवायचं कुणावर?"

त्या हसल्या. "ते राहू द्या. पुन्हा आकडी आली तर मुलीला कुशीवर कसं वळवायचं, ते शिकून घ्या. आजोबा, तुम्ही आडवे व्हा बरं."

मी चष्मा काढून तपासणीच्या टेबलावर आडवा झालो. सून पुढे आली. मग माझ्या खांद्याखाली हात घालत हळूच म्हणाली, "बाबा, अंग सैल सोडा ना. किती ताठ झालात!"