लाडका स्कोप

विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसाठी तिने रक्ताचं पाणी करून नवी अ‍ॅम्प्लिफायर चिप घडवली. बाजारातल्या कुठल्याही चिपपेक्षा चौपट वेगवान. चाचणीच्या दिवशी तिच्या चिपचा वेग मोजायला साहेबांनी कपाटातून एक जुनापुराणा स्कोप काढला आणि लेकराचं तोंड पुसावं तसा त्याचा पडदा पुसला.

"साहेब, सिग्नल कितीही वेगात येऊ दे, हा स्कोप स्वतःच्या चिपपेक्षा जास्त वेग दाखवूच शकत नाही," ती कळवळून म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" साहेब हसले. पडद्यावर तिच्या चिपच्या सिग्नलची रेघ चढली, अर्थातच रमतगमत.

साहेबांनी तिचा प्रकल्प जागच्या जागी गुंडाळला आणि स्कोपच्या पाठीवर थाप मारली.

"यातली चिप माझ्या हातची आहे, पोरी. तिला मागे टाकणारी अजून जन्माला यायचीय!"