गळ्यातला टेप

“तो टेप द्या बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे मनोहर टेलरच्या ध्यानात आलं, की तो गळ्यातल्या टेपसकट दवाखान्यात आलाय.

बायकोच्या मांडीवर पाच महिन्यांची लेक होती. खुळखुळा वाजला की मान वळवायची, पण आईच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. तिला दिसतच नाही, असं धरून मनोहरने तिची झबली उरलेल्या पांढऱ्या अस्तराची शिवली होती. बायकोने हौसेने आणलेलं लाल छीट तसंच पडून होतं.

बाईंनी टेप लेकीच्या डोळ्यांसमोरून हळूहळू आडवा सरकवला. बुबुळं आकड्यांमागे सरकली, झटक्यात माघारी आली, पुन्हा सरकली. मशीनच्या सुईसारखी, एका लयीत.

“अगं बाई, हे काय होतंय तिला?” बायको घाबरली.

“आपोआप होतं ते, आणि दिसत असेल तरच होतं,” बाई हसल्या. “नजर स्थिरावायला थोडा वेळ लागेल. पण दिसतंय तिला.”

मनोहर लेकीच्या डोळ्यांजवळ वाकला. “बाई, परत एकदा ओढा ना.”

चौथ्यांदा टेप सरकला, तेव्हा त्याने बायकोला हळूच विचारलं, “ते लाल छीट कुठे ठेवलंस गं?”