बटण लावायची युक्ती

"अहो, दोऱ्याचं टोक तिरकं कापा. थुंकीनं तिकिटं चिकटतात, सुई ओवली जात नाही," पलंगावर उशीला टेकून बसलेली बायको म्हणाली.

नवरा तिच्या पायाशी बसला होता. मांडीवर शर्ट, हातात सुई. डॉक्टरांनी औषधं थांबवून तिला घरी पाठवल्यापासून तिनं ही शाळा मांडली होती. संसारातल्या साऱ्या युक्त्या तिला त्याच्या डोक्यात उतरवून जायचं होतं. "भाजीत मीठ जास्त पडलं तर बटाटा टाका. बोलण्यात जास्त पडलं तर बाहेर चक्कर मारून या." "ओल्या बुटात वर्तमानपत्र कोंबा, नाहीतरी वाचण्यासारखं त्यात काय असतं!"

पण विद्यार्थी अगदीच ढ. दूध रोज उतू जायचं, इस्त्रीनं कॉलर करपायची. ती हसायची, रागवायची आणि मनातून खचायची. दुखण्यापेक्षा तिला हीच काळजी पोखरत होती, की आपल्यामागे या माणसाचं कसं होणार?

"दुकानात केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून घड्याळं चालू करता, आणि एक बटण लागत नाही? लक्ष कुठं आहे?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे काय बघताय? बटणाकडे बघा. खाली आगकाडी ठेवा, वरून टाके घाला. मग काडी काढायची आणि दोऱ्याला वेढे द्यायचे. बटण थोडं सैलच असावं, नवऱ्यासारखं. फार आवळलं की तुटतं."

बोलता बोलता तिला ढास लागली. थांबेचना. त्यानं पाणी दिलं, पाठ चोळली. मग काही सुचेना म्हणून शर्ट ओढून घेतला. मान खाली घातली. हात आपोआप चालू लागले.

ढास थांबली तेव्हा बटण लागलेलं होतं. टाके सारखे, वेढे नेटके, गाठ कापडाच्या आत. तिनं ओढून पाहिलं. जागचं हललं नाही.

"अहो, आलं की तुम्हाला!" कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला. "जीव भांड्यात पडला बाई. आता मी डोळे मिटायला मोकळी."

त्यानं शर्ट तिच्या हातातून काढून घेतला. कात्री उचलली आणि बटण कापून टाकलं.

"कुठं आलंय?" तो खाली मान घालूनच म्हणाला. "उद्या परत दाखव."