ओडेसाची जागा

“होझिया, तू बोलल्याशिवाय इथं कोणी हात वर करणार नाही,” कमांडर बर्नेल म्हणाला आणि त्याने टेबलावरचा लाकडी हातोडा बाजूला सरकवला.

होझियाने टोपी मांडीवर घेतली होती. टोपीवरचा पलटणीचा बिल्ला तो अंगठ्याने पुसत बसला. माजी सैनिकांच्या त्या बुटक्या सभागृहात पंखे घरघरत होते. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आत बायका मासे तळत होत्या, आणि त्यांचीही कुजबुज आता थांबली होती.

राज्यात माजी सैनिकांसाठी नवा कायदा यायचा होता. संघटनेचं मत राजधानीला कळवायचं होतं. दवाखान्यात न्यायला गाडी, नव्या गुडघ्यांचा खर्च, ही कलमं सगळ्यांनी टाळ्या वाजवून पसंत केली. अडलं ते दफनाच्या कलमावर. लढाईत गेलेल्या शिपायाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं, की पहिल्या नवऱ्याच्या कबरीतली तिची जागा आजवर जायची. आता ती जाणार नव्हती. कुठे निजायचं ते तिने ठरवायचं. आणि साऱ्या गावात अशी बाई एकच होती, होझियाची बायको ओडेसा. तिचा पहिला नवरा लूशियस व्हिएतनामात गेला होता.

“माझं मत विचाराल तर नाही,” टॉलिव्हर म्हणाला. “माणसाने जन्मभर बाईच्या शिव्या खाव्यात, आणि शेवटी तिने उशी उचलून कबरींच्या दुसऱ्या ओळीत निजायला जावं? होझिया, तुझ्या दगडाची पाठ कोरी राहील रे!”

सगळे खो खो हसले. सैनिकांच्या दफनभूमीत नवराबायकोला एकच खड्डा मिळे, एक खाली, एक वर. दगडाच्या तोंडावर शिपायाचं नाव, पाठीवर बायकोचं. होझियाही हसला. पण ते हसू ओठांवरच राहिलं.

“देवा,” पाद्री एनॉक उठून उभा राहिला. साधं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. दुसऱ्या वाक्यालाच त्याचा आवाज सुरात चढायचा. “देवा, या भावाला शब्द दे! मोझेसची जीभ जड होती, तिला तू शब्द दिलास…”

“दिलास!” सभेने झेललं.

“दावीद मेंढरं राखत होता, त्याला तू गाणं दिलंस…”

“दिलंस, बाबा, दिलंस!” टॉलिव्हरचाही पाय ठेका धरू लागला.

होझियाने डोळे मिटले. याच सुरात तो आणि लूशियस वाढले होते. चर्चमध्ये दोघं शेजारी उभे राहून गायचे, लूशियसचा आवाज उंच, याचा खर्जाचा. फौजेतही दोघं बरोबरच गेले. परत एकटा होझिया आला. पुढे कितीतरी वर्षांनी, भीतभीत, त्याने ओडेसाला मागणी घातली. दर मे महिन्यात ती दोघं कबरींवर झेंडे लावायला जात. लूशियसच्या दगडापाशी ओडेसा जरा जास्तच रेंगाळायची. ओठ हलताना दिसायचे. होझिया लांब गाडीला टेकून उभा राहायचा. ती काय बोलते, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. छाती झाली नव्हती.

पाद्र्याचा सूर खाली आला, तसा होझिया उभा राहिला.

“माझं मत हो,” तो म्हणाला. “टॉलिव्हर, त्या दुसऱ्या ओळीत दगडाखाली कोण आहे, सांग बरं? कोणी नाही. लूशियस तिकडे व्हिएतनामात नदीत पडला तो सापडलाच नाही. इतकी वर्षं आपण नुसत्या मातीला सलामी देतो आहोत. मी परत आलो. मला घर मिळालं, तिच्या हातचं जेवण मिळालं. भांडायला माणूस मिळालं. त्याला काय मिळालं? तिच्या मनात असेल, तर जाऊ दे तिला त्याच्याकडे. माझी काही तक्रार नाही.”

तो चटकन खाली बसला.

एकेक हात वर गेला. टॉलिव्हरने सगळ्यांत शेवटी केला. “गाढवच आहेस तू,” तो पुटपुटला आणि नाक शिंकरू लागला.

बर्नेलने हातोडा उचलला, तोच ओडेसा स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. हातात तेल निथळणारा झारा तसाच होता.

“ओडेसाबाई, इथं मत फक्त सैनिकांना,” बर्नेल चाचरत म्हणाला.

“मत ठेव तुझं तुझ्याकडे. तुमच्या ठरावात एक ओळ राहिली आहे, ती सांगायला आले.” ती होझियाकडे वळली. “आणि तू रे म्हाताऱ्या! इतकी वर्षं त्या गाडीला टेकून उभा राहतोस. मी लूशियसला काय सांगते, ते एकदा तरी विचारायचंस?”

होझिया पुन्हा टोपीवरचा बिल्ला पुसू लागला. वर बघितलं नाही.

“तू कसा घोरतोस ते सांगते. औषध घेतलं म्हणून कसा खोटं बोलतोस, तेही सांगते. दुसरं काय बोलणार?” तिने झारा बर्नेलच्या टेबलावर ठेवला. “हं, आता लिही. लूशियसच्या दगडाखाली दोन माणसांची जागा आहे, आणि ती सगळी रिकामी आहे. तेव्हा बाई तिथे निजायला गेली, तर तिला आपला दुसरा नवराही बरोबर नेता यावा.”