मासोळीच्या गावच्या बातम्या

"आज तुमच्याकडचा पूल बंद असेल, नाही?" चष्मेवाल्यांनी अगदी सहज आठवल्यासारखं विचारलं.

फोनवर कीबोर्डची बारीक टकटक ऐकू आली. मग मुलगी हसली. "हो बाबा, बंदच आहे. दुरुस्ती काढलीय. केवढा वळसा पडला! पण तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," ते म्हणाले आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर हळूच दुसरीकडे वळवला. जणू तिला फोनमधून दिसलंच असतं.

ही युक्ती त्यांना एका गिऱ्हाइकानं शिकवली होती. वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई चष्म्याची काडी बदलून घ्यायला आल्या होत्या. कुठल्या तरी लांबच्या गावच्या बातम्यांची साइट चष्मेवाले सारखी उघडतायत, बंद करतायत, हे त्यांनी पाहिलं.

"असं किती वेळा दार वाजवणार?" बाई म्हणाल्या. "फीड लावून घ्या. नवीन काही आलं की बातमीच तुमच्याकडे चालत येईल."

त्यांनीच ते लावून दिलं. तेव्हापासून मुलीच्या गावात खुट्ट झालं तरी चष्मेवाल्यांच्या काउंटरवर ऐकू यायचं.

मुलगी धड चालायला शिकायच्या आधी पोहायला शिकली, म्हणून घरात तिचं नाव मासोळी. बँकेतली कायमची नोकरी सोडून ती त्या गावी गेली. तिथे मोठा जलतरण तलाव बांधत होते आणि शिकवायला माणसं हवी होती. ती निघाली तेव्हा चष्मेवाले दारात उभं राहून म्हणाले होते, "महिन्याभरात परत येशील. लिहून देतो." तिनं बॅग खांद्याला लावली आणि वळूनही पाहिलं नाही.

नंतर फोन व्हायचे, पण कसले? जेवलीस का? जेवले. बरी आहेस ना? बरी आहे. संपलं.

फीड आलं आणि बापलेकींच्या जिभा सुटल्या. टॉवरच्या घड्याळाचे काटे चोरीला गेले, न्यायालयात घोडी शिरली, बेकरीला आग लागली. चष्मेवाले नुसतं बोट दाखवायचे आणि मुलगी तिखटमीठ लावून सगळं सांगायची. मग ते तिचं बोलणं फीडशी ताडून पाहायचे. तपशिलात कुठे म्हणून तसूभर फरक नसायचा.

"नजर माझी घेतलीय तिनं," ते बायकोला अभिमानानं सांगत.

"एवढं आहे तर एकदा जाऊन येऊ या की," बायको म्हणायची.

"तलाव होऊ दे. मग ती मानानं बोलावेल."

तलाव काही होत नव्हता. कधी फरश्या आल्या नाहीत, कधी पंप. "तोवर मला ऑफिसात बसवलंय," मुलगी सांगायची.

आणि एके दिवशी काच बसवता बसवता त्यांची नजर पडद्यावर गेली. "जलतरण तलाव अखेर खुला. नगराध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन, नागरिकांची गर्दी."

हातातली काच त्यांनी तशीच खाली ठेवली. समोरच्या गिऱ्हाइकाला "दोनच मिनिटं" म्हणाले आणि फोन लावला.

"काय गं, आज काही विशेष?" त्यांना ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

पलीकडे पुन्हा तीच टकटक झाली. मग म्हणाली, "बाबा, तलाव सुरू झाला. नगराध्यक्षांनी फीत कापली. ही गर्दी!"

"आणि तू?"

"मी?" ती म्हणाली. "पहिली उडी मीच मारली, बाबा."

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. दुसऱ्यांचे चष्मे पुसण्यात जन्म गेला होता, पण हा काही केल्या लवकर स्वच्छ होईना.

"मी तेव्हा जे लिहून दिलं होतं ना," ते म्हणाले, "ते फाडून टाक."

"जाऊ द्या हो बाबा."

"आता आम्हीच येतो तिकडे. तुला शिकवताना बघायचंय."

"या ना," ती म्हणाली. "पण जरा घडी बसू दे."

फोन ठेवल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाकडून काच बसवण्याचे पैसे घेतले नाहीत. का, ते सांगायला मात्र लाजले.

दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली. ती पायरी चढत असतानाच फीडमध्ये आणखी एक ओळ उमटली. चष्मेवाल्यांनी ती उघडली.

"दुरुस्ती: जलतरण तलावाच्या उद्घाटनाची आगाऊ लिहून ठेवलेली बातमी आज सकाळी चुकून प्रसिद्ध झाली. कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला आहे. पंपाचं काम अपुरं असून तलावात अद्याप पाणी सोडलेलं नाही. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत."

"झालं का हो उद्घाटन?" काउंटरवर डबा ठेवत बायकोनं रोजच्यासारखं विचारलं.

चष्मेवाल्यांनी हात लांब करून पडदा बंद केला.

"झालं," ते म्हणाले. "पहिली उडी आपल्या पोरीनं मारली."